सवाई माधवराव : इतिहासातला आणि नाटकातला

१८१८ च्या एप्रिल महिन्यात मराठ्यांचा अखेरचा पेशवा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात होता. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचे साहाय्य मिळेल या आशेने दुसरा बाजीराव वर्धा नदीच्या रोखाने आला होता, परंतु ता. १७ रोजी पांढरकवड्याजवळ सिवनी येथे कर्नल ॲडम्सने त्यास गाठले, त्याची फौज उधळली, आणि तेथून जो तो निघाला तो ३ जून रोजी अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत कोठेही पाय रोवून उभा राहिला नाही. या प्रसंगाची हळहळ आमच्या इकडे पुष्कळ व्यक्त होते, आणि बाजीरावाच्या नावाने बोटेही यथेच्छ मोडली जातात. परंतु हा पुरुष त्या गादीवर बसलाच कसा, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर शोधण्यास तेवीस वर्षे मागे, शनिवारवाड्यात जावे लागते. १७९५ च्या ऑक्टोबरात तेथे एकवीस वर्षांचा एक पेशवा निपुत्रिक वारला, म्हणून रघुनाथरावाच्या मुलाची पाळी आली. त्या एकवीस वर्षांच्या पेशव्यासंबंधाने मराठी वाङ्मयाने जे लिहिले आणि जे लिहिले नाही, त्याचा थोडा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम वाचकांनी काही तारखा लक्षपूर्वक वाचाव्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. त्याची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरच्या किल्ल्यावर नेऊन ठेवले, आणि तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला. चाळीसाव्या दिवशी, म्हणजे २८ मे रोजी, त्या मुलास पेशवाईची वस्त्रे मिळाली. तो अकरा महिन्यांचा असताना चुलत आजा रघुनाथराव याने सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह करून त्याच्याविरुद्ध फौज मागितली. तो दोन वर्षांचा होण्याच्या आत पुरंदरचा तह झाला. त्याच वर्षी पानिपतात नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणाऱ्या तोतयाने कोकणात धुमाकूळ घातला. तिसरे वर्ष सरून चौथे लागले तेव्हा आई गेली. पाच वर्षे पुरी होण्यापूर्वी वडगावास इंग्रजांची फौज कोंडली जाऊन तिने शरणागतीचा करार लिहून दिला. आठव्या वर्षी सालबाईचा तह झाला. नववे पुरे होण्याच्या आत पोराचे लग्नही झाले. एवढ्या अवधीत त्याच्या नावाने फर्माने सुटली, सनदा लिहिल्या गेल्या, लढाया झाल्या, तह मोडले आणि पुन्हा झाले. या सर्वांत त्या मुलाचे स्वतःचे असे कृत्य एकच, ते म्हणजे जिवंत राहणे. बारभाईंच्या साऱ्या उभारणीचा आधार तेवढाच होता. हा मुलगा गंगाबाईचा नव्हेच, बदललेला आहे, अशी कंडी विरुद्ध पक्षाने पिकवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या केवळ असण्याला केवढी किंमत होती ते कळते.

त्याचे नावदेखील त्याचे नव्हते. थोरले माधवराव हे त्याचे चुलते; १७७२ त क्षयाने वारलेले, सर्व राज्याने ज्यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढले असे. त्यांचे नाव मुलास ठेवण्यात आले, आणि वर 'सवाई' हे विशेषण लागले. म्हणजे पाळण्यातच त्याच्यावर एका मेलेल्या पुरुषाच्या सव्वापट होण्याची जबाबदारी येऊन पडली. आमच्या मते या मुलाच्या साऱ्या चरित्राची किल्ली या एका शब्दात आहे. आणि नवल हे, की त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी या शब्दाकडे केवळ बिरुद म्हणून पाहिले.

मराठी वाङ्मयाला थोरले माधवराव प्रथमपासून प्रिय आहेत. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ त 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले. त्यानंतर एका शतकाने, १९६२ त, रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीने त्याच पुरुषाला घरोघरी नेले. हे साहजिकच होते. थोरले माधवरावही सोळाव्या वर्षी गादीवर आले, त्यांच्याही डोक्यावर पालक म्हणून चुलता होता. परंतु त्यांनी त्या पालकाशी भांडण केले, प्रसंगी त्याच्यापुढे नमले, शेवटी त्यास कैदेत टाकले, आणि राज्य आपल्या हाती घेतले. ज्याला पालकाशी भांडता आले त्याचे नाटक होते. फार कशाला, ना. सं. इनामदार यांना दुसऱ्या बाजीरावातही 'मंत्रावेगळा'चा नायक सापडला, कारण बऱ्या वाईट मार्गाने का होईना, तो काही करीत होता. सवाई माधवरावापाशी सांगण्यासारखे काय होते? तो वाढला, सजला, मिरवला, आणि गच्चीवरून पडून मेला.

या कठीण विषयास हात घालण्याचे धैर्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी केले, आणि तेही १८९३ त, आपल्या पहिल्याच नाटकात. त्या वेळी ते जेमतेम विशी ओलांडलेले होते. म्हणजे नाटककार आणि नाटकाचा मृत नायक अगदी एकाच वयाचे. 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' वाचताना हे समवय पदोपदी जाणवते. नायकाच्या मनातील कल्लोळ बाहेरून पाहून लिहिलेला नाही. मराठी रंगभूमीवर तोपर्यंत संगीताचा आणि पौराणिक कथांचा जो भर होता, त्यात एका तरुणाच्या चित्तविभ्रमावर सबंध गद्य नाटक उभे करणे हे लहान साहस नव्हते. त्या साहसाचा मान खाडिलकरांना पुरेपूर दिला पाहिजे. 'कीचकवध' आणि 'भाऊबंदकी' ही नाटके पुढे गाजली, त्यामुळे या पहिल्या नाटकाकडे रसिकांचे दुर्लक्ष झाले. ते आम्हांस योग्य वाटत नाही. त्याच्याशी आमचा जो वाद आहे, तो त्याच्या योग्यतेबद्दल नसून त्याच्या निदानाबद्दल आहे.

खाडिलकरांनी नायक उभारला तो शेक्सपिअरच्या साच्यात, हे सर्वश्रुत आहे. आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ त केले होते. देवलांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' १८९० त दिले होते. दोन्ही नाटके त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर खेळत होती. खाडिलकरांनी दोन्हींचा उपयोग केला. हॅम्लेटची खिन्नता, त्याचे आत्मचिंतन, त्याचे खरे की खोटे हे न कळणारे वेड, ही माधवरावास दिली. आणि ऑथेल्लोमधून इयागो उचलून त्याचा केशवशास्त्री केला. हा केशवशास्त्री गोड बोलून, थेंब थेंब विष घालून, तरुण पेशव्याचे मन त्याच्या जिवलग माणसांविषयी कलुषित करतो, आणि अखेर ते मन फुटते. नाटक म्हणून ही योजना बेतशीर आहे. केशवशास्त्र्याचे प्रवेश आजही वाचकास खिळवून ठेवतात. परंतु हॅम्लेट आणि इयागो या दोन पाहुण्यांनी मिळून घरच्या मुलाला घराबाहेर घालवले, असे आमचे मत झाले आहे, आणि त्याची कारणे आम्ही देतो.

हॅम्लेट तीस वर्षांचा आहे. खड्डा खणणाऱ्याच्या हिशेबावरून तसे ठरते. तो विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकून आलेला आहे, त्याला मित्र आहेत, त्याने ग्रंथ वाचले आहेत, नाटकमंडळ्यांची पारख त्याला आहे. त्याचे मन पूर्ण घडलेले आहे, आणि अशा मनावर एक कर्तव्य येऊन कोसळते, ते त्याच्याच्याने होत नाही. हॅम्लेटचे सारे दुःख या 'होत नाही'मध्ये आहे. आता सवाई माधवरावाकडे पाहावे. त्याच्यावर कोणते कर्तव्य येऊन पडले होते, जे त्याच्याच्याने झाले नाही? बापाच्या खुनाचा सूड म्हणावा, तर रघुनाथराव १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावास मरून गेला, तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. राज्यकारभार म्हणावा, तर तो त्याला कोणी दिलाच नव्हता. हॅम्लेटला करावयाचे आहे आणि तो करीत नाही. माधवरावाने काही करावे अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. हा फरक पुण्याच्या आणि डेन्मार्कच्या अंतराएवढाच मोठा आहे. आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात हॅम्लेट शिकवीत आलो, त्या अनुभवावरून सांगतो, की विशीतला प्रत्येक हुशार मुलगा स्वतःस हॅम्लेट समजतो. खाडिलकर विशीत होते. त्यांनी स्वतःचा हॅम्लेट माधवरावाच्या अंगावर चढवला, असे म्हटल्यास तो त्यांचा अपमान होऊ नये.

शेक्सपिअरकडेच जावयाचे होते, तर त्याच्यापाशी याहून जवळचे नातलग होते. सहावा हेन्री नऊ महिन्यांचा असताना इंग्लंडचा राजा झाला. ते साल १४२२. त्याच्या भोवती चुलते, आजे, सरदार, धर्माधिकारी यांची दाटी. प्रत्येकजण राजाच्या नावाने बोलणारा आणि राजाच्या नावाने दुसऱ्याचा गळा धरणारा. तो मोठा झाला तरी त्याच्या आवाजाला वजन आले नाही, आणि अखेर टॉवरच्या किल्ल्यात त्याचा अंत झाला. शेक्सपिअरने त्याच्यावर तीन नाटके लिहिली. ती त्याच्या तारुण्यातली, ओबडधोबड, आणि आमच्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात क्वचितच नेमली जाणारी. म्हणून खाडिलकरांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ती नसावी. 'किंग जॉन'मधला आर्थर तर याहूनही लहान. ज्याच्या हक्कासाठी दोन राज्ये लढतात, आणि ज्याला स्वतःला या लढाईतले काहीही नको आहे, असा तो पोर. तो किल्ल्याच्या भिंतीवरून उडी घालतो आणि मरतो. शनिवारवाड्याच्या गच्चीची आठवण येण्यास यापेक्षा आणखी काय पाहिजे होते?

हॅम्लेटपेक्षाही अधिक नुकसान केले ते केशवशास्त्र्याने. आमच्या सबंध वादाचे मर्म येथे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. इयागो आला, की नाटकातले पाप एका ठिकाणी गोळा होते. प्रेक्षक त्याच्याकडे बोट दाखवतो, दात ओठ खातो, आणि इतर सर्वांस मोकळे करतो. येथेही तसेच होते. केशवशास्त्री नसता तर पेशवा सुखाने नांदला असता, असा ग्रह घेऊन प्रेक्षक घरी जातो. परंतु इतिहासात केशवशास्त्र्याची गरजच नाही. शनिवारवाड्यात माधवरावाचा शत्रू कोणी नव्हता. जे होते ते सर्व त्याचे हितचिंतक होते. नाना फडणीस तर त्याच्यासाठी रात्रंदिवस जागे होते. पानिपतातून जिवानिशी परतलेला, नारायणरावाचे प्रेत पाहिलेला, पुत्रसंतान न उरलेला हा पुरुष. त्याने या मुलाला जपले ते एखाद्या कृपणाने ठेव जपावी तसे. कोणास भेटू द्यावे, कोणास देऊ नये, कोठे जावे, कोठे जाऊ नये, सर्व नानांच्या नजरेखाली. शत्रू चोहोंकडे होते, हेही खोटे नव्हते; मोरोबादादाचे कारस्थान, तोतया, रघुनाथराव, मुंबईकर इंग्रज, या सर्वांना ज्याने पुरून उरावयाचे त्याने सावध नसावे तर काय करावे? नानांचा प्रत्येक निर्बंध, त्या त्या दिवशी, सकारण होता. अशा सकारण निर्बंधांची एकवीस वर्षे साठली, म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रश्न खरा भयंकर आहे; आणि खाडिलकरांच्या नाटकाने तो केशवशास्त्र्याच्या पगडीखाली झाकून टाकला.

आपल्या घरांतही असे नाना असतात, हे वाचकांस सांगावयास नको. मुलाने कोणता विषय घ्यावा, कोणाशी मैत्री करावी, कोणती नोकरी धरावी, हे ज्यांनी ठरवलेले असते ते सारे मुलाच्या भल्यासाठीच ठरवलेले असते, आणि त्यांचा हिशेब बहुधा बरोबरही असतो. वर्गात पुढच्या बाकावर बसणारे, पाठांतरात चोख, आणि प्रश्न विचारला असता प्रथम दाराकडे पाहणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. असो. हे विषयांतर झाले.

वासुदेवशास्त्री खरे यांचे 'नाना फडनवीस यांचे चरित्र' हे मराठी गद्याचे भूषण आहे. नानांविषयी इंग्रज ग्रंथकारांनी पसरवलेले गैरसमज दूर करण्यास ज्या अधिकाराची लेखणी पाहिजे होती, ती शास्त्रीबोवांची होती. परंतु त्या चरित्राचा नायक नाना असल्यामुळे माधवराव त्यात कर्तव्याचा विषय म्हणून येतो, मनुष्य म्हणून येत नाही. हा दोष शास्त्रीबोवांचा नव्हे. दोष आमचा, की त्यांच्या ग्रंथावरच आम्ही थांबलो आणि नानांचे गुणदोष तोलण्याच्या नादात तराजूच्या दांडीला बांधलेल्या पोराकडे पाहण्याचे विसरलो. नानांचा कैवार घेणारे आणि नानांस दूषण देणारे, दोघांचेही भांडण नानांविषयीच चालते. १९७२ त रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने एवढी खळबळ उडवली, तिचाही रोख नानाच. तो कोतवाल आणि ते पुणे ज्याच्या राज्यात होते, तो पेशवा १७९१ त सतरा वर्षांचा होता, याची आठवण त्या वादात फारशी कोणास झाली नाही.

मग या मुलाचे स्वतःचे काही शिल्लक आहे की नाही? आहे, आणि बेताचेच असले तरी ते पुरेसे आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९२ त पुण्यास काढलेले त्याचे भव्य चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशी आहे. त्याच्या प्रतिकृती अनेकांनी पाहिल्या असतील. अठरा वर्षांचा, रत्नालंकारांनी मढलेला पेशवा बैठकीवर आहे, मागे सेवक आहेत, आणि जवळ नाना आहेत. चित्रकार परका, त्याला मराठ्यांच्या घरातले काही ठाऊक नाही. तरी त्याने पेशव्याचे चित्र काढावयास घेतले आणि नानांना त्यात घ्यावेच लागले! पर्वतीजवळ या मुलाने जनावरे पाळवून घेतली होती. हरिणे, वाघ आणि इतर श्वापदे यांचा तो शिकारखाना पाहण्यास परदेशी पाहुणेही जात. पिंजऱ्यातली जनावरे पाहण्याची त्याला जी आवड होती, तिच्यावर एखादा कवी पुष्कळ लिहील. आम्ही तो मोह आवरतो.

महादजी शिंदे १७९२ च्या जून महिन्यात बादशाही वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यास आले. त्यांच्या सहवासात या तरुणास काही काळ मोकळा वारा लागला. शिकार, घोडदौड, आणि रंगाचा तो प्रसिद्ध सोहळा याच काळातला. प्रभाकर शाहिराने त्या रंगावर पोवाडा केला, आणि येथे आम्हांस शाहिरांची मुद्दाम स्तुती करावीशी वाटते. शाहिराच्या पोवाड्यात पेशवा रंगाने भिजलेला आहे, रस्त्यातून चालला आहे, लोक त्याला पाहत आहेत. तेथे त्याला शरीर आहे. बखरकाराला तो गादी म्हणून दिसतो, चरित्रकाराला जबाबदारी म्हणून, नाटककाराला हॅम्लेट म्हणून. अडाणी म्हणून आम्ही ज्यांना हिणवले त्या शाहिरांनाच तो तरुण पोरगा म्हणून दिसला. अनंत फंदीने पुढे 'माधवनिधन' लिहिले. मोठ्या मृत्यूंवरची मराठी काव्ये बहुधा स्तुतीने फुगलेली असतात, तसे तेही काही ठिकाणी आहे. पण मेलेला कोण, याचा विसर फंदीला पडत नाही.

महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात खर्ड्याची लढाई झाली. निजामाचा मोड झाला, मराठमंडळातील बहुतेक सरदार एका छावणीत जमले होते, आणि पेशवा स्वतः हजर होता. या प्रसंगाची एक हकीकत ग्रँट डफने आपल्या इतिहासात दिली आहे. विजयानंतर तरुण पेशव्याचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारले. त्याने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की मोगलांनी एवढ्या लाजिरवाण्या रीतीने शरण यावे आणि आपल्या लोकांनी श्रमावाचून मिळालेल्या जयाची बढाई मारावी, यात दोन्हीकडची अवनती दिसते, तिचे मला दुःख होते. हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, ज्याने ती प्रथम सांगितली त्याने या मुलाला ओळखले होते. सर्व छावणीत नगारे वाजत असताना, हा जय पोकळ आहे हे ज्या एका मनुष्याला कळले, त्या मनुष्याला तो जय भरीव करण्याचा काडीमात्र अधिकार नव्हता. हे वेड नव्हे, संशयही नव्हे. ही स्वच्छ दृष्टी आहे. आणि अशी दृष्टी असलेल्या पुरुषास केशवशास्त्र्याने भुलवावे, हे आम्हांस पटत नाही. नाटकास आरंभ करावयाचा होता तर या छावणीतून करावयाचा होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. रघुनाथरावाचा मुलगा बाजीराव नानांच्या कैदेत होता. दोघा चुलत्या-पुतण्यांत गुप्त निरोपानिरोपी सुरू झाली. बाजीरावाच्या निरोपात, आपण दोघेही बंदीतच आहो, एक पुण्यास आणि एक जुन्नरास, अशा अर्थाचे काही होते, असे डफ सांगतो. हे उघडकीस आले. मधला मनुष्य बळवंतराव नागनाथ तुरुंगात पडला, आणि पेशव्याभोवतीचा पहारा अधिक घट्ट झाला. बापाच्या मारेकऱ्यांत ज्याची गणना त्याच्याच मुलाशी स्नेह करावासा वाटणे, यात राजकारण मुळीच नव्हते. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ज्याला बरोबरीचा सोबती मिळाला नाही, त्याने सोबती शोधला. ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी तो वाड्याच्या गच्चीवरून खाली आला आणि दोन दिवसांनी मेला. डफ म्हणतो, जाणून उडी टाकली. समकालीन पत्रांत ज्वराचा आणि भ्रमाचा उल्लेख आहे, आणि त्यावरून अपघाताचा पक्ष मांडणारे संशोधकही आहेत. या वादात आजवर फार शाई खर्च झाली. आमच्या समजुतीप्रमाणे वाङ्मयाच्या दृष्टीने हा प्रश्न गौण आहे. तो पडला की त्याने उडी घातली, हे ठरले तरी मागची एकवीस वर्षे तीच राहतात. आणि नाटक लिहावयाचे तर ते त्या एकवीस वर्षांचे.

बालराजाचे चरित्र वाङ्मयास अशक्य आहे, कारण त्यात कृती नाही, असा आक्षेप येईल. याला उत्तर जपानच्या इतिहासात मिळते. १८६८ त तोकुगावा घराण्याची सत्ता कोसळली; शेवटचा शोगुन योशिनोबु दूर झाला, आणि पाच वर्षेही पुरी न झालेल्या कामेनोसुके नावाच्या मुलास घराण्याचा प्रमुख करून सात लक्ष कोकूंची शिझुओकाची जहागीर देण्यात आली. तीन वर्षांनी, १८७१ त, सरकारने सर्व जहागिऱ्याच मोडून टाकल्या. मुलाची गादी गेली, म्हणजे त्याच्या नावाने बोलणाऱ्यांचे काम संपले. तो इंग्लंडात शिकला, आणि इयेसातो तोकुगावा या नावाने १९०३ पासून १९३३ पर्यंत तेथील वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता. दोन्ही मुलांचा आरंभ सारखा. एकाची गादी लवकर मोडली, दुसऱ्याची मोडू नये म्हणून सर्वांनी जिवाचे रान केले. यात कृती नाही, पण कथा आहे. फक्त ती सांगताना गादीकडे न पाहता मुलाकडे पाहावे लागते.

आमच्या जिल्ह्यातल्या होतकरू लेखकांस यासाठी पुण्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. बाजीरावाचा सिवनीस मोड झाला त्या वेळी यवतमाळचा हा मुलूख निजामाकडे होता; १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले होते. परंतु नदीच्या पलीकडे भोसल्यांचेच राज्य होते, आणि तेथे त्याच उन्हाळ्यात एक बालराजा तयार होत होता. परसोजी भोसल्याचा १८१७ च्या फेब्रुवारीत खून झाला. आप्पासाहेब गादीवर आला, सीताबर्डीस इंग्रजांशी लढला, पदच्युत झाला, आणि कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरला. मागे राहिलेल्या गादीवर २६ जून १८१८ रोजी दुसऱ्या रघूजीचा दौहित्र, गुजर घराण्यातला सुमारे दहा वर्षांचा बाजीबा बसला. त्याचे नाव बदलून रघूजी ठेवले. येथेही नाव मेलेल्या पुरुषाचेच! या तिसऱ्या रघूजीच्या नावाने राज्य केले ते रेसिडेंट जेन्किन्सने, आणि वाड्यात सत्ता चालली ती आजी बाकाबाई हिची. १८२६ त राजाच्या हाती थोडा अधिकार आला, पुढे काही वर्षांनी उरलेला आला. यादव माधव काळे यांनी 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहून या काळाची सामग्री मराठी वाचकांपुढे ठेवली. इतिहासकाराचे काम त्यांनी केले. वाङ्मयाने मात्र या मुलास जवळजवळ जागाच दिलेली नाही. त्याच्याजवळ नाना नव्हते, आणि भांडण्यासारखा नानांचा पक्षही नव्हता, म्हणून असेल.

हा विषय सवाई माधवरावापेक्षा अवघड आहे. तेथे पालक स्वकीय आणि प्रेमळ होता, येथे परकीय आणि कार्यक्षम होता. जेन्किन्सने जमाबंदी सुधारली, हिशेब नीट केले, आणि १८२७ त नागपूरच्या मुलखावर एक अहवाल लिहिला, तो आजही अभ्यासकांस उपयोगी पडतो. त्या अहवालातून मुलगा शोधून काढावयाचा आहे. केशवशास्त्री घालण्यास येथे पुष्कळ वाव आहे, आणि लेखकाने तो मोह टाळला पाहिजे. तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्रावाचून वारला. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ त राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावात विकले गेले. नाना फडणीस आपल्या पेशव्यामागे साडेचार वर्षे जगले. बाकाबाई नातवामागे पाच वर्षे जगली. सत्तावनचे बंड तिने पाहिले, नागपूर त्यात पडू दिले नाही, आणि १८५८ त ती वारली.